टी. वाय.ची गाडी काट्यावर

ट्रॅडिशनल डेला बैलगाडीतून मिरवणूक काढायची ही कल्पना नक्की कोणाची, यावर आमच्या वर्गात अजूनही एकमत नाही. मी म्हणतो जालिंदरची. जालिंदर म्हणतो माझी. प्रज्ञा म्हणते, त्या दिवशी ज्याचा फेटा जास्त घट्ट बसला होता त्याचीच असणार, डोक्याला रक्त कमी पोचत असेल. मी वर्गाचा सी. आर. होतो, त्यामुळे प्राचार्यांसमोर हात बांधून उभं राहायचं माझ्या वाट्याला आलं, एवढंच मला मान्य आहे.

कारणाबद्दल मात्र वाद नाही. कारण होतं शुभांगी.

शुभांगी आमच्या टी. वाय. बी. एस्सी.तली, बॉटनीची. तिनं काढलेली मुळाच्या छेदाची आकृती बघून खुद्द सर म्हणायचे, मूळ इतकं सुंदर असतं हे मलाही माहीत नव्हतं. डिसेंबरात तिचं लग्न ठरलं. मुलगा राहात्याकडचा, नोकरीतला, सगळं चांगलं. पण तारीख धरली महाशिवरात्रीनंतरची आणि विद्यापीठाची परीक्षा एप्रिलात. होणाऱ्या सासऱ्यांनी बैठकीत सांगितलं म्हणे, "आमच्या घरात डिग्रीवाचून कुणाचं अडलेलं नाही." तिच्या वडिलांनी मान डोलावली. झालं! गॅदरिंगपर्यंत कॉलेज, मग बंद.

हे तिनं आम्हाला कँटीनमध्ये हसत हसत सांगितलं. मग चहाचा रिकामा ग्लास कितीतरी वेळ टेबलावर नुसता फिरवत बसली. तीन वर्षं घासून शेवटच्या पेपरांना बसायचं नाही म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. अशा वेळी पुरुषमाणसं काहीतरी भलतंच बोलतात. जालिंदर (किंवा मी) म्हणालो, "वरात तर तुझी निघणारच हाय. त्याच्या आधी कॉलेजची एक काढू. बैलगाडीतून!"

"तिला परीक्षा पाहिजे आणि तुम्ही बैलगाडी देताय?" प्रज्ञा म्हणाली. प्रज्ञाचं हे असंच. तिचे वडील केडगावला शाळेत मास्तर होते आणि ती मावशीकडे राहून शिकत होती. मास्तरांचा लाल पेन तिच्या जिभेवर होता. पण परीक्षा आमच्या हातात नव्हती, बैलगाडी होती. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

कारण जालिंदर छाती ठोकून म्हणाला होता, "आमच्या घरी गाडी हाय की! खिल्लारी थाटाची, लाकडी!" आम्ही सायकली हाणत कोल्हारच्या अलीकडे त्याच्या वस्तीवर गेलो. गाडी होती. तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. एक चाक जागेवर होतं आणि दुसरं त्याच्या वडिलांनी शिर्डी रस्त्यावरच्या एका ढाब्याला शोभेसाठी देऊन टाकलं होतं. "बैल?" मी विचारलं. "बैल मागंच इकले. ट्रॅक्टर घेतला न्हवं का," जालिंदर म्हणाला आणि कोंबडीला दगड मारल्यासारखं करून विषय संपवला. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून वर्गात मिशीवर ताव देणाऱ्या या गृहस्थानं उभ्या आयुष्यात कासरा धरलेला नव्हता, हे मला पुढे कळलं. पण फार पुढे, आणि फार वाईट जागी.

इकडे परवानगीचं वेगळंच रामायण. प्राचार्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "सजीव बैल?" त्यांनी विचारलं. मी होय म्हणालो. अर्ज जिमखाना समितीकडे गेला. जिमखान्याच्या सरांनी लिहिलं, गॅदरिंगच्या दिवशी ओळखपत्राशिवाय आवारात कोणालाही प्रवेश नाही, तरी बैलांबाबत खुलासा व्हावा. एन.सी.सी.चे सर म्हणाले, माझ्या परेड ग्राउंडवर खुरांचे ठसे चालणार नाहीत. बॉटनीचे सर म्हणाले, बागेपासून लांब ठेवा. शेवटी सगळ्यांचं समाधान होईल असा एक शेरा प्राचार्यांनी मारला, "शेणाची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील." त्याखाली शिक्का. सी. आर. या पदाची एवढी शोभा आधी कधी झाली नव्हती.

आम्ही राहायचो पाटबंधारे खात्याच्या कॉलनीत. तिथे एका घरात खोकला आला की काढा दुसऱ्या घरात उकळतो. बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारचे आबासाहेब म्हणजे रिटायर्ड तलाठी. त्यांनी हयातभर बैल फक्त पीकपाहणीच्या कागदावर बघितलेले, पण मला ओट्यावर बसवून म्हणाले, "तुषार, बैलाच्या डोळ्यात बघून बोलायचं. बैल माणूस ओळखतो." समोरच्या विमलबाईंनी मिशी काजळाची काढायची की कोळशाची, यावर आईशी वाद घातला. वडील एवढंच म्हणाले, "आपली स्कूटर आहे की!" आईनं फेट्यासाठी तिची केशरी साडी दिली, पण देताना साडी कोणत्या समारंभाची, कोणी घेतलेली आणि फाटली तर माझं काय होईल, हे सगळं सांगून दिली. फेटा आबासाहेबांनी बांधला. त्यांनी तो असा आवळला, की माझे कान पुढे वळले आणि गॅदरिंग संपेपर्यंत मला लोकांचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

आता गाडी. हंगाम जोरात होता. साखर कारखान्याचं धुराडं दिवसरात्र चालू, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग आणि सगळ्या गावाला मळीचा तो गोडसर वास. आजही कुठे तो वास आला की मला टी. वाय.चं वर्ष आठवतं. पाटाच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या. तिथे पाथर्डीकडचे सहादेव म्हणून एकजण होते. त्यांच्याकडे कारखान्याची टायरगाडी आणि स्वतःची बैलजोडी, हरण्या आणि गुलब्या. टायरगाडी म्हणजे लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर लावलेली, खास ऊस वाहायची. पेशव्यांच्या काळात तशी नसणार, पण आम्ही तडजोडीला तयार होतो.

"न्या की," सहादेव म्हणाले. "त्या दिशी आमचा उसाचा फड बदलायचा हाय, गाडी मोकळीच हाय. पर उन्हं कलायच्या आत आना. बैल लई गरीब. कासरा निस्ता धरून बसायचं. हाकायची बी गरज न्हाई, त्येंचं त्ये जात्यात."

या वाक्यात सगळं होतं. आम्हाला ते बैलांचं कौतुक वाटलं.

तर त्या सकाळी बैलांच्या शिंगांना फुगे बांधून आम्ही निघालो. कासऱ्याला जालिंदर, धोतर नेसून. शेजारी मी, कागदी पुठ्ठ्याची तलवार आणि काजळाच्या मिशा. मागे वर्गातली सात-आठ जणं. मधोमध शुभांगी, हिरवी नऊवारी, नथ, चंद्रकोर. ती इतकी सुंदर दिसत होती, की आमच्यातल्या वाह्यात पोरांनीही त्या दिवशी नीट भाषा वापरली. प्रज्ञा निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आली. कोणीतरी विचारलं, नऊवारी का नाही? "आमच्या घरी परंपरा ही आहे. आजी दीक्षाभूमीवर अशीच उभी होती," ती म्हणाली. गाडीत वेषांतर केल्यासारखी न दिसणारी ती एकटीच.

गाडी झोकात चालली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. शुभांगी खरंच हसत होती, कँटीनमधलं हसू नव्हे, वेगळं. मी मनात म्हटलं, वा रे सी. आर.! मग फाटा आला. डावीकडे कॉलेज, उजवीकडे कारखाना. गाडी उजवीकडे वळली.

"जाल्या, डावीकडे," मी म्हणालो.

"व्हय व्हय, घेतो," जालिंदर म्हणाला आणि कासरा ओढला. बैलांनी कान हलवले.

"ओढ की!"

"वढतोय की! आरं, ह्ये ऐकंनात!"

आबासाहेबांचा सल्ला आठवून मी खाली उतरलो, गाडीबरोबर पळत पळत हरण्याच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणालो, "हरण्या, डावीकडे." हरण्यानं माणूस ओळखला असावा. त्यानं माझ्या फेट्याचा शेमला तोंडात धरला. मी परत गाडीत चढलो तेव्हा निम्मी केशरी साडी त्याच्या लाळेनं भिजली होती.

"तुषार," मागून प्रज्ञाचा आवाज आला, "बैलांना कॉलेज कुठंय हे कोणी सांगितलंय का?"

कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळीपासून ते बैल रोज एकाच ठिकाणी गेलेले. त्यांनी आम्हाला उसाच्या गाड्यांच्या रांगेत शिस्तीत नेऊन उभं केलं आणि डोळे मिटले. वळवायचं म्हणेपर्यंत मागे आणखी गाड्या लागल्या. गेटमधून आत शिरताना वॉचमननं गाडीवरचा कारखान्याचा नंबर बघितला, आमच्याकडे बघितलं, आणि मान हलवून आत सोडलं. हंगामात त्यानं याहून विचित्र माल बघितला असणार.

मागच्या गाडीवर उसाच्या ढिगावर भागूबाई म्हणून एक तोडणीवाल्या बाई बसल्या होत्या. "काय ओ राजं," त्या मला म्हणाल्या, "स्वारी कंच्या गडावर?" आसपासचे गाडीवान खदाखदा हसले. माझ्या मिशा तोवर घामानं ओठांवर उतरल्या होत्या. मी इतिहासातल्या कुठल्याही माणसासारखा दिसत नव्हतो.

तितक्यात शुभांगीनं पदर तोंडावर ओढला आणि प्रज्ञाच्या पाठीमागे पार गाडीच्या तळाशी बसली. "वजनकाट्यावरचे गृहस्थ बघ," ती कुजबुजली. "टोपीवाले. आप्पासाहेब. ते माझे सासरे आहेत."

"होणारे," जालिंदर म्हणाला.

"मला असं गाडीत मिरवताना बघितलं तर उद्यापासूनच कॉलेज बंद करतील. गॅदरिंगसुद्धा नको म्हणत होते. बाबांनी शब्द टाकला म्हणून सोडलं." तिचा आवाज कापत होता. आतापर्यंत आमची फजिती फक्त आमची होती. आता ती तिचीही झाली. पुढच्या गाड्या एकेक करून काट्यावर चढत होत्या. आमची पाळी आली. हरण्या आणि गुलब्या आपणहून लोखंडी पत्र्यावर चढले, बरोबर मधोमध थांबले.

आप्पासाहेबांनी खिडकीतून बघितलं. "गाडीत काय?"

"मिरवणूक," मी म्हणालो.

"ऊस कुठाय?"

"ऊस नाही."

"मग काट्यावर कशाला आणली?"

"आम्ही नाही आणली. बैलांनी आणली."

"तोडणीची चिठ्ठी?" त्यांनी हात पुढे केला. मी छाती पुढे काढून प्राचार्यांची परवानगी दिली. त्यांनी ती सावकाश वाचली. "ही शेणाची परवानगी आहे. काट्याची कुठाय?"

मी म्हणालो, साहेब, चूक झाली, आम्हाला नुसतं पुढच्या गेटानं बाहेर सोडा. त्यावर ते गृहस्थ केबिनमधून बाहेर आले आणि शांतपणे समजावू लागले. रागावले असते तर परवडलं असतं. "बाळ, बाहेर जायला गेटपास लागतो. गेटपासला पावती लागते. पावतीला दोन वजनं लागतात. भरल्या गाडीचं एक, रिकाम्या गाडीचं एक. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं, अशी अर्धवट पावती मी नोकरीत कुणाला दिलेली नाही. खुद्द चेअरमनची गाडी आली तरी देणार नाही. काट्यावर चढलात ना? आता पुरं करूनच उतरायचं."

आणि त्यांनी खरोखर आमचं वजन केलं. "लागण का खोडवा?" त्यांनी सवयीनं विचारलं.

नव्यानं लावलेला ऊस ती लागण, तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटतो तो खोडवा. जालिंदरचं एस. वाय.ला एक वर्ष वाया गेलेलं. "म्या खोडवा हाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "बाकी समदी लागण."

आप्पासाहेब हसले नाहीत. "आता माल उतरवा. एकेक जण नाव सांगून उतरा. काट्यावर बिननावाचा माणूस नको."

एकेक जण उतरला. नाव, वर्ग, गाव. प्रज्ञा मुद्दाम हळूहळू उतरली, पण किती हळू उतरणार? गाडीत एकटी शुभांगी उरली, पदर हनुवटीपर्यंत.

"आणि ही?"

"ही पुष्पावती," मी म्हणालो. हे नाव माझ्या तोंडात कुठून आलं देव जाणे. "हिला बोलता येत नाही. म्हणजे, आज येत नाही. घसा बसलाय."

आप्पासाहेब मान डोलावून वळले होते. सुटलो होतो आम्ही! आणि त्याच वेळी शुभांगी गाडीतून उतरली, पदर मागे सारला आणि म्हणाली, "पुष्पावती नाही. मी शुभांगी. टी. वाय. बी. एस्सी."

आसपासच्या गाडीवानांनी माना वळवल्या. कारखाना धडधडत होता आणि मला माझ्या वळलेल्या कानांत दुसरं काही ऐकू येईना.

आप्पासाहेबांनी टोपी काढली, परत घातली. "बघायच्या दिवशी मान खाली होती तुझी. ओळखू आली नाहीस." मग आमच्याकडे, पुठ्ठ्याच्या तलवारीकडे, हरण्याच्या शिंगांवरच्या फुग्यांकडे बघून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"गॅदरिंगनंतर माझं कॉलेज बंद होणार म्हणून पोरांनी मिरवणूक काढली," ती म्हणाली. आवाज आता कापत नव्हता. "मामा, एक विचारू? भरल्या गाडीचं वजन झालं आणि रिकाम्या गाडीचं राहिलं, तर तुम्ही पावती देत नाही ना?"

"नाही."

"चेअरमनची गाडी असली तरी?"

"कुणाचीही असू दे."

"मग माझं एकच वजन राहिलंय, मामा. तीन वर्षांचं झालंय. एप्रिलातलं तेवढं राहिलंय. मला काट्यावरून अर्धवट उतरवू नका."

 आप्पासाहेब बिचारे तिच्याकडे बघत नव्हते, काट्याच्या दांडीकडे बघत होते. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, गाडीवान ओरडत होते. भागूबाई उसावर उभ्या राहिल्या आणि वरून म्हणाल्या, "अवं सायेब, पुरीचं खरं हाय की! द्या तिला पावती, न्हाईतर आमचा ऊस हितंच वाळंल!"

"पेपर कधी संपतात?" आप्पासाहेबांनी शेवटी विचारलं.

"एप्रिलच्या शेवटी."

"तुला पेपर द्यायचे आहेत, हे तुझ्या वडिलांनी मला का सांगितलं नाही?"

"तुम्हाला आवडणार नाही असं त्यांना वाटलं."

"आणि मला वाटलं, त्यांनाच पोरगी उजवायची घाई आहे," ते पुटपुटले. मग एकदम काट्यावरचा साहेब परत आला. "मेमध्ये तिथी काढू. मी आज संध्याकाळीच जातो तुमच्याकडे. आणि हे बघ, पेपर नीट दे. माझ्या घरातून पहिल्यांदाच कोणीतरी बी. एस्सी. होतंय, तूट यायला नको."

शुभांगी वाकून पाया पडली आणि रडायला लागली. प्रज्ञा, जी आमच्या बैलगाडीला नाक मुरडत होती, ती तिच्या गळ्यात पडून तिच्याहून जास्त रडली. जालिंदर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना धोतर सुटायला आलं, पण कोणी हसलं नाही. मी सी. आर. असल्यामुळे रडलो नाही. काजळ डोळ्यात गेलं होतं.

मग रिकाम्या गाडीचं वजन झालं, पावती मिळाली, गेटपास मिळाला. बैल मात्र ऊस न उतरवता निघायला तयार नव्हते, तेव्हा चार गाडीवानांनी मिळून त्यांची तोंडं धरून गाडी फाट्यावरून कॉलेजच्या रस्त्याला लावून दिली.

आम्ही कॉलेजात पोचलो तेव्हा गॅदरिंग आटपलं होतं. मांडववाले बांबू सोडत होते. ट्रॅडिशनल डेचं पहिलं बक्षीस घोडा आणणाऱ्या कॉमर्सच्या वर्गाला गेलं होतं. तरी आम्ही रिकाम्या मैदानाला एक फेरी घातली, कोणी बघत नव्हतं तरी घातली, आणि परेड ग्राउंडवर, प्राचार्य नेमके गाडीत बसून निघाले असताना, गुलब्यानं दिवसभराचं एकदम केलं. प्राचार्यांनी काच खाली करून माझ्याकडे फक्त बघितलं. मी तलवारीच्या पुठ्ठ्यानं ते भरलं. सहादेवांना गाडी परत केली तेव्हा ते म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं का, त्येंचं त्ये जात्यात."

त्या कॉलेजची आता तीन मजली इमारत झालीय म्हणतात. कँटीन पाडलं. आमची मैदानातली फेरी कोणाला माहीत असायचं कारण नाही.

पण एप्रिल मला नीट आठवतो. हॉलमध्ये माझा नंबर शुभांगीच्या मागे. पंखा कुरकुरत होता, पर्यवेक्षक फेऱ्या घालत होते आणि बाहेर कडुनिंबाखाली आप्पासाहेब टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते, तिला सोडायला आलेले. माझं दुसरं पान अजून भरलं नव्हतं आणि तिसऱ्या प्रश्नाचं काय करावं हे सुचत नव्हतं. तेवढ्यात अख्ख्या हॉलमधून पहिला हात वर झाला. पर्यवेक्षकांनी विचारलं, काय पाहिजे? शुभांगी म्हणाली, "पुरवणी."